ग्रहणात चिरलेलं वाळूक

ग्रहण असलं की आमच्या घरातल्या सगळ्या धारदार वस्तू ज्वारीच्या कणगीत जायच्या. विळी, सुरी, अडकित्ता, दाढीची पाती, माझ्या कंपासपेटीतला कर्कटकसुद्धा. हे खातं आक्काकडं होतं. आक्का म्हणजे आण्णांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती माहेरी आली आणि बघता बघता घराची मालकीण झाली. कणगीच्या तोंडावर पाट ठेवून ती त्यावर बसायची आणि ग्रहण सुटेपर्यंत माझ्या आईवर नजर ठेवायची. आईला दिवस गेलेले असोत नसोत, दर ग्रहणाला एकदा तरी आक्का विचारायची, "सुरी कुठं हाय गं?" आई मान खाली घालून म्हणायची, "कणगीत हाय, आक्का." हे आक्काला माहीत नव्हतं असं नाही. सुरी तिच्याच बुडाखाली होती.

ह्याला कारण मी. मी जन्मले ती डाव्या हाताला सहावं बोट घेऊन. करंगळीच्या बाहेरच्या अंगाला लोंबणारं, हाड नसलेलं, मुगाच्या शेंगेच्या टोकाएवढं. तिसऱ्याच दिवशी आक्कानं घोड्याच्या शेपटीचा केस आणवला आणि त्याच्या बुडाशी आवळून बांधला. चामखीळ पाडतात तसं ते काळं पडून गळून गेलं. मागं राहिला एक बारका उंचवटा. विचारलं तर 'चामखीळ हाय' असं सांगायचं, हे मला बोलता येऊ लागल्यापासून शिकवलं होतं. आणि ते झालं कशामुळं, तर मी पोटात असताना आईनं ग्रहणात वाळूक, म्हणजे आमच्याकडची रानकाकडी, चिरलं. ही गोष्ट आमच्या घरात बांधावरच्या दगडासारखी पक्की होती, तो कुणी रोवला हे कुणी विचारत नव्हतं. मी शाळेत हात पाठीमागं धरून पाढे म्हटले, मोठी झाल्यावर तो ओढणीखाली घेतला, आणि माझ्यामुळं आईला दर ग्रहणाला खाली बघावं लागतं ह्याची लाज मी हातासकट लपवत राहिले. आज साठी उलटून गेली, पण फोटो काढायचा म्हटलं की माझा डावा हात आपोआप पदराखाली जातो.

आमचं गाव नांदूरघाटच्या जवळचं. जमीन पुष्कळ होती, आण्णा पंचायत समितीवर निवडून आलेले, दारात जीप. पहाट व्हायची तीच भाकरी थापण्याच्या आवाजानं. एका परातीवर आई, दुसरीवर कुणी ना कुणी, कारण बैठकीत किती माणसं जेवायला असतील हे दुपारपर्यंत कुणालाच ठाऊक नसायचं. येसराची आमटी मोठ्या पातेल्यात सदा रटरटत असायची, माणसं वाढली की तिच्यात पाणी वाढायचं. आण्णांच्या डाव्या करंगळीत पाचूची अंगठी होती. निवडणुकीच्या आधी कुणा ज्योतिष्यानं दिली होती म्हणे, पण मला आठवतं तेव्हापासून ती त्या बोटातच आहे, अंघोळीलाही काढत नसत. चहा पाहिजे असला की आण्णा हाक मारत नसत. रिकाम्या बशीवर त्या अंगठीनं टकटक करायचे. घरात कुठंही असली तरी आई ती टकटक ऐकायची आणि चुलीवर आधण ठेवायची.

मी विद्यापीठात प्राणिशास्त्राला गेले तेव्हा आण्णांनी बैठकीत सांगितलं, पोरगी डॉक्टरकीच्या जवळचं कायतरी शिकते. मी काय शिकत होते, तर केळ्यावर घोंगावणारी चिलटं पाळत होते. त्यांना फळमाशी म्हणायचं आणि जगभर त्यांच्यावर अभ्यास होतो, हे मला तिथं गेल्यावर कळलं. मक्याचं पीठ, गूळ आणि यीस्ट शिजवून बाटल्यांत ओतायचं, वर कापसाचा बोळा. त्या आंबूस-गोड वासानं माझे केस भरलेले असायचे, वसतिगृहातल्या मुली माझ्याशेजारी ताट घेऊन बसत नसत. पण मला ते काम आवडायचं. माशी अंडं घालते, दिवसभरात त्यातून अळी निघते, अळीचा कोष होतो, आणि कोषातून पाय, पंख, डोळे जिथल्या तिथं घेऊन माशी बाहेर पडते. कुठं काय व्हायचं हे त्या टिंबाएवढ्या अंड्याला कोण सांगतं, हा आमच्या मॅडमचा विषय होता.

मॅडम नागपूरकडच्या, उंच, चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधणाऱ्या. त्यांनी समजावलेलं मी पुढं आयुष्यभर वर्गात समजावत राहिले. अंगातल्या प्रत्येक पेशीत जनुकं तीच असतात, डोळ्यातही तीच आणि पायातही तीच. फरक एवढाच की कुठं कोणतं चालू ठेवायचं आणि कुठं बंद. अंडं घालायच्या आधीच आई त्याच्या एका टोकाला खूण ठेवते, इकडं डोकं. त्या खुणेवरून पहिली जनुकं चालू होतात, ती पुढच्यांना चालू-बंद करतात, अंड्यावर आडवे पट्टे पडतात, आणि मग एकेका पट्ट्याला आपली ओळख मिळते, तू डोक्याचा, तू छातीचा, तू शेपटाचा. मला हे कळलं ते आमच्या मळ्यामुळं. उसाला पाणी देताना दारं धरतात ना, तसं. पाटातलं पाणी एकच. ज्याच्या हातात फावडं आहे तो एका वाफ्याचं तोंड उघडतो, तो भिजला की बुजवतो, पुढचं उघडतो. मी हे बोलून दाखवलं तेव्हा मॅडम इतक्या खूश झाल्या की त्यांनी ते फळ्यावर काढलं.

मग एके दिवशी त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाखाली एक माशी दाखवली. तिच्या डोक्यावर, मिशा असतात त्या जागी, दोन पाय होते. नुसते फाटे नव्हेत, सांध्यासकट पुरे पाय. "पायाचं जनुक चुकीच्या वाफ्यात उघडलं," मॅडम म्हणाल्या. "जनुक चांगलं आहे, काम पण चोख केलंय, फक्त जागा चुकली." मी बघत राहिले आणि माझा डावा हात टेबलावरून हळूच मांडीवर घेतला. मॅडमनी तो बघितला. सहज विचारावं तसं विचारलं, "सहावं होतं ना? कोणाकडून आलं, आईकडून की वडिलांकडून?" माझे कान तापले. मी म्हणाले, "चामखीळ आहे, मॅडम." त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पण आमच्या घरी सगळे 'कावून झालं', म्हणजे कशामुळं झालं, एवढंच विचारायचे, 'कोणाकडून आलं' असं मला पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं होतं. रात्रभर नाही म्हटलं तरी बराच वेळ मी त्या प्रश्नावर पडून होते.

त्या दिवाळीला मी घरी आले ती शहाणपणानं फुगून. दादाचं, माझ्या थोरल्या भावाचं, लग्न आदल्या साली झालेलं, आणि शोभावहिनीला नुकतेच दिवस गेले होते. वहिनी उमापूरची, हसरी, कामाला वाघीण. दादा तोंड उघडायचा तो जेवायला, त्यामुळं ती सगळं बोलणं माझ्याशी करायची. करंज्या भरता भरता तिनं विचारलं, वन्सं, तुमी तिकडं माश्यांचं काय करता? मग मी सुरूच झाले. अंडं, पट्टे, खूण. "डोकं कुठं अन् शेपूट कुठं, हे माशीची आई ठरवते," मी म्हणाले. कोपऱ्यात आक्का वाती वळत होती. तिनं मान वर केली नाही. मी पुढचंही सांगायला पाहिजे होतं, की आईची ती खूण म्हणजे नुसती सुरुवात आणि बाकी सगळी दारं दोघांकडून आलेली जनुकं धरतात. पण तेवढ्यात बशीवर टकटक झाली आणि मी चहा घेऊन गेले.

उन्हाळ्यात वहिनी उमापूरला बाळंत झाली. मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारशाला आम्ही जीप भरून गेलो. मी बाळाची आत्या, नाव ठेवायचा मान माझा. अंगणात मांडव, घुगऱ्यांची घमेली, पाळण्याभोवती बायकांची दाटी. बाळ दुपट्यात गळ्यापर्यंत गुंडाळलेलं, त्या उन्हाळ्यातही. मला ते विचित्र वाटलं. मी पाळण्यावर वाकले, तिच्या कानात कुर्र केलं, पाठीत बायकांचे धपाटे बसत असताना 'स्वाती' असं नाव सांगितलं, आणि तिचा घाम पुसावा म्हणून दुपटं जरा सैल केलं. डावा हात बाहेर आला. करंगळीला लागून आणखी एक बोट होतं, इवल्या नखासकट. सांगायची शरम वाटते, पण मला त्या क्षणी बाळाची माया आली नाही. मला वाटलं, आता सगळ्या बायका माझ्या हाताकडं बघतील. मी दुपटं पुन्हा ओढलं. पण आक्का माझ्या खांद्यामागं उभी होती, आणि तिच्या नजरेतून काही सुटत नसे.

बायका जेवायला बसल्यावर आक्का बाळंतिणीच्या खोलीत गेली, मागून आई आणि मी. खोलीत ओव्याच्या धुरीचा वास होता. आक्कानं बाजेवर बसून विचारलं, "कावून झालं गं हे?" वहिनी वाटच बघत असल्यासारखी रडायला लागली. "माझ्याच हातून झालं, आक्का. आण्णांचे पाव्हणे आलते गिराणाच्या दिवशी. आण्णा म्हणले, झुणका तरी टाका. विळी कणगीत. मग म्या गोठ्यातलं खुरपं धुतलं अन् त्याच्यानं कांदा चिरला." आक्काला सगळं आठवलं होतं, एक खुरपं तेवढं नव्हतं आठवलं. ती माझ्याकडं वळली. "तूच म्हणली होतीस ना दिवाळीत, डोकं कुठं अन् शेपूट कुठं ते आई ठरवते म्हणून?" मी म्हणाले, "आक्का, ते माशीचं. अन् ते नुसतं आधीचं, पुढं..." "म्हंजी माशीचं खरं अन् माणसाचं खोटं व्हय?" आक्का म्हणाली. एवढं शिकून मी नेमकी तिच्याच हातात काठी दिली होती. वहिनी माझ्याकडं बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसतं पटल्यासारखं होतं. विद्यापीठातली नणंद सांगते म्हणजे खरंच असणार.

परतताना मांजरसुंब्याला चहाला थांबलो. आण्णांनी अंगठी बशीवर वाजवली, पोऱ्या धावत आला. चहा फुंकत आण्णा म्हणाले, "सव्वा महिन्यानं आणायला जायचं का न्हाई, ते बघू." दादा चहाच्या कपात बघत राहिला. ह्या 'बघू'चा अर्थ आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतो. बाळंतीण वेळेत आणली नाही की चार महिने जातात, मग माणसं विचारतात, मग कुणीतरी दुसऱ्या पोरीचं नाव काढतं. आक्कानं तर जीपमध्येच काढलं, तिच्या सासरकडची कुणी होती. "पहिलीच अशी झाली, पुढची कशी व्हतील," ती म्हणाली. मी वहिनीला आठवत होते. तिनं धुतलेलं खुरपं आठवत होते.

मी सुटीत सोबत एक कुपी आणली होती. मॅडमनी आकृत्या काढायला त्या पाय-मिशीच्या माश्या स्पिरिटमध्ये घालून दिल्या होत्या. एका दुपारी आक्का झोपली होती, पिठाची गिरणी लांब कुठंतरी टुकटुकत होती, आई शेंगा फोडत बसली होती. मी बशीत एक माशी काढली आणि भिंग आईच्या हातात दिलं. तिला कळेना कुठं बघायचं. मी दाखवलं, हे डोकं, हे डोळे, अन् हे बघ, इथं पाय. आई पुष्कळ वेळ बघत होती. मग भिंग न काढताच तिनं विचारलं, "हिच्या आईनं काय चिरलं असंल?"

मला हसू यायला पाहिजे होतं, ते आलं नाही. मी म्हणाले, आई, काही चिरलं नाही. मी तिला मळ्यातलं दारं धरणं सांगितलं. लग्न होऊन आली त्या साली ती स्वतः दारं धरायची, मला सांगावं लागलं नाही. पाणी तेच, फावडं चुकलं. बाळाचा हात पोटात कोंबासारखा फुटतो तेव्हा बोटं किती हे ठरवणारी दारं असतात, एखादं वेळेत बुजलं नाही की एक बोट जास्तीचं येतं. आणि ही खोड रक्तातून येते, एका बाजूनं आली तरी पुरते, कधी एखादी पिढी झाकून राहते आणि पुढं निघते. दादाला नाही, पण मला आहे आणि त्याच्या पोरीला आहे. आई ऐकत होती आणि शेंगांची टरफलं एका रेषेत लावत होती. मग म्हणाली, "म्या वाळूक चिरलंच न्हवतं."

मी तिच्याकडं बघितलं. "त्या साली वाळकं आलीच न्हवती," ती म्हणाली. "पाऊसच न्हवता. आक्का सारखं इचारायच्या, कावून झालं, काय चिरलंस, आठव. तीन दिवस इचारलं. म्या म्हणलं, चिरलं वाळूक. तवा कुठं त्या गप झाल्या. अन् कुणी म्हणलं न्हाई की अगं, औंदा वाळूक कुठं हाय." ती असं सांगत होती की जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट. "कबूल केलं की इषय मिटतो," ती म्हणाली. मला तिची लाज वाटली नाही, पहिल्यांदाच नाही वाटली. लाज वाटली ती माझी. बावीस-तेवीस वर्षांची घोडी झाले, पण त्या वाळकाबद्दल मी तिला कधी साधा एक प्रश्न विचारला नव्हता. माझ्यामुळं तिला खाली बघावं लागतं म्हणून मी हळहळत होते, पण वाळूक खरंच धरून चालले होते. आईनं बशीतली माशी परत कुपीत टाकायला माझ्या हातात दिली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "ह्यांच्या अंगठीखालीबी हाय एक चामखीळ."

दोन दिवस मी नुसती घरात फिरत होते. तिसऱ्या दिवशी आण्णा एकटे जेवत होते, तेव्हा मी जाऊन समोर बसले आणि माझा डावा हात त्यांच्या ताटाशेजारी पालथा ठेवला. वडिलांपुढं तो हात मी कधी असा ठेवला नव्हता. आण्णांचा घास थांबला. मी जेवढं आईला सांगितलं तेवढं सांगितलं, पण गडबडत, कारण आण्णांशी एवढा वेळ मी कधी बोललेच नव्हते. ते रागावतील असं वाटलं होतं, पण ते नुसते इकडंतिकडं बघू लागले, दाराकडं, कणगीकडं, आक्काकडं. आक्का तिथंच होती. "आईनं बांधला होता केस," ती म्हणाली, तिच्या आईबद्दल, माझ्या आजीबद्दल. "म्या धरलं होतं त्याला. लई रडला." आणि मग माझ्यावरच उखडली, "मग काय गावभर सांगायचं होतं? भावाची आबरू म्या न्हाई झाकायची तर कुणी झाकायची?"

"सहाबोट्या म्हणतील लोक मला," आण्णा म्हणाले. एवढा तालेवार माणूस, बैठकीत खाकरला तर माणसं उठून उभी राहायची, त्याचा आवाज शाळेतल्या पोरासारखा झाला होता. मला त्यांची दया आली आणि दया आली म्हणून फार लाज वाटली. बापाची दया यावी अशी आमच्यात रीत नव्हती. ते म्हणाले, "सुनेला सांगू. पण चार भिंतीत. बाहेर बोभाटा नको." आई न्हाणीतून साबण आणि तांब्या घेऊन आली, त्यांच्या पुढ्यात बसली आणि त्यांचा डावा हात मांडीवर घेऊन करंगळीला साबण चोळू लागली. अंगठी निघता निघेना. बोट लाल झालं, आण्णा दात आवळून बसले. निघाली तेव्हा तिथं पांढरीफटक, सुरकुतलेली एक कडी होती, आणि तिच्या बाहेरच्या अंगाला माझ्यासारखाच उंचवटा. मी वर बघितलं नाही. आईनं अंगठी धुतली, पुसली आणि त्यांच्या सदऱ्याच्या खिशात टाकली.

सव्वा महिना होताच आम्ही उमापूरला गेलो, आण्णा, आई, दादा आणि मी. आक्का आली नाही, तिचे गुडघे दुखत होते. वहिनीच्या वडलांनी आम्हाला आतल्या खोलीत बसवलं आणि चहाला सांगायला गेले. वहिनी बाळाला मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसलेली, डोक्यावर पदर. सासरा बोलवायला आलाय की सोडायला आलाय हे तिला कळत नव्हतं, तिचा पाय नुसता हलत होता. आण्णांनी पुढं होऊन बाळाच्या हाताशेजारी आपला डावा हात ठेवला. मीच म्हणाले, "वहिनी, हे कांद्यानं झालेलं नाही. आमच्याकडून आलंय. मलाही होतं, आण्णांनाही होतं." तिनं बाळाचं बोट बघितलं, आण्णांचं बघितलं, माझं बघितलं. पुन्हा आण्णांचं बघितलं. तिचा पाय हलायचा थांबला.

तेवढ्यात शेजारची म्हातारी आली, सगळे तिला सोजरमावशी म्हणायचे. हातात वाटीभर डिंकाचे लाडू. आल्याबरोबर तिनं बाळाकडं बघून विचारलं, "व्हय गं शोभे, असं कावून झालं म्हणायचं पोरीचं?" आणि वहिनीनं काय करावं, तर झटकन बाळाचं दुपटं ओढलं आणि आण्णांच्या हातावर टाकलं. सासऱ्यासमोर पदर सावरावा तितक्या सहज. "माझ्याच हातून झालं, मावशी," ती म्हणाली. "गिराणात कांदा चिरला." आता तिला खरं माहीत होतं, तरी म्हणाली. दादा जमिनीकडं बघत होता. आण्णांचा हात दुपट्याखाली होता, आणि त्यांनी तो बाहेर काढला नाही. मी तोंड उघडलं, तर वहिनीनं माझा गुडघा दाबला. त्या खोलीत आम्ही सगळे बसलो होतो आणि एकटी ती आमची अब्रू झाकत होती. मला जमीन दुभंगावी असं झालं.

आईनं लाडवाची वाटी मावशीच्या हातातून घेतली आणि खाली ठेवली. "न्हाई मावशी," ती म्हणाली. "हिनं कांदा चिरला ते खरं. बोट त्याच्यानं न्हाई आलं. हे आमच्या घरचं हाय. इतकी वर्सं म्या न चिरलेलं वाळूक चिरलं, मावशी. आता ही पोरगी जलमभर कांदा चिरत बसणार न्हाई." असं म्हणून तिनं आण्णांच्या हातावरचं दुपटं उचललं, घडी घातली आणि बाळाच्या उशाशी ठेवलं. नवऱ्याचं नाव न घेणारी, त्यांच्या पुढं न बसणारी बाई. मावशी वाकली, डोळे बारीक करून आण्णांची करंगळी पाहिली, मग बाळाची. "आगं, माझ्या भावालाबी व्हतं असं," ती म्हणाली. "त्याचं तर बांधलंबी न्हवतं कुणी. त्याच हातानं नांगर हाकला जलमभर." आणि लाडू खाऊन घ्या म्हणाली.

वहिनी आणि बाळ आमच्याबरोबर जीपमधून घरी आली. मांजरसुंब्याला थांबलो तेव्हा आण्णांनी चहा सांगायला बशी उचलली, ती वाजवायला बोटात काही नव्हतं, मग हाक मारली. स्वातीचं बोट कुणी केसानं बांधलं नाही, आईनं बांधू दिलं नाही. आज ती औषधाच्या दुकानात सहा बोटांनी नोटा मोजते आणि कुणी बघितलं तर बघू देते. माझ्यात ती हिंमत कधी आली नाही. वर्गात मुलांना माशी समजावताना मी खडू उजव्या हातात धरायचे आणि डावा हात पदराखाली.

वहिनीला घरी आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात बसले होते. वहिनी बाळाला तेल लावत होती, आई भाकरी थापत होती. बैठकीत माणसं आली होती, खोकले ऐकू येत होते. आणि मग बशीवर टकटक झाली. आईचा हात परातीवर क्षणभर थांबला. आण्णांनी अंगठी पुन्हा घातली होती. आईनं आधण ठेवलं. मला त्यांचा राग यायला पाहिजे होता, मी तो आणायला बघत होते, आणि बघता बघता लक्षात आलं, की माझा डावा हात ओढणीखाली आहे.